चौकटीत काय घ्यावे?

द्वितीय वर्ष कला वर्गातील एक विद्यार्थिनी

"साक्रीत फोटो काढण्यासारखे आहे तरी काय?" हा प्रश्न आपल्या कॉलेजच्या आवारात वर्षभरात किती वेळा ऐकू येतो, याची मोजदाद कुणी केलेली नाही. सहल निघाली की सापुताऱ्याला निघावी, फोटो काढावेत तर तेथे काढावेत, असा आपला समज झाला आहे. सहलीहून परतल्यावर शे-दोनशे फोटो एकमेकांना पाठवले जातात आणि आठ दिवसांनी त्यांतला एकही कुणाला आठवत नाही. मग दोष मोबाईलला दिला जातो. "माझा कॅमेरा साधा आहे, त्याचा महागाचा आहे, म्हणून त्याचे फोटो चांगले येतात," असे म्हणून आपण मोकळे होतो. माझे मत याहून वेगळे आहे. उघड्यावर काढलेला फोटो बिघडतो तो बहुधा ठिकाणामुळे नव्हे आणि यंत्रामुळेही नव्हे. चौकटीत काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे आपण ठरवलेलेच नसते, म्हणून तो बिघडतो. हे ठरवणे शिकता येते, त्याला पैसे पडत नाहीत, आणि ते शिकण्यासाठी साक्री तालुक्यासारखी जागा नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

हे सांगण्याचा माझा अधिकार काय, असे कुणी विचारील. अधिकार काही नाही. मी फोटोग्राफर नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरातला मोबाईल वडिलांचा आहे. ते शेतातून आले की संध्याकाळी तासभर तो माझ्या हाती येतो. आमच्या भिंतीवर एकंदर तीन फोटो आहेत. एक आईवडिलांच्या लग्नातला, एक आजोबांचा आणि एक माझा, दहावीच्या फॉर्मसाठी काढलेला, पुढे मोठा करून घेतलेला. आजीचा एकही फोटो नाही. ती कशी दिसत होती हे आई सांगते तेवढेच मला ठाऊक. ज्या घरात फोटो इतके थोडे, त्या घरात एका फोटोत काय असावे याचा विचार आपोआप होतो. ज्यांच्याकडे हजारो फोटो आहेत त्यांना तो करावा लागत नाही, एवढाच फरक.

या विषयाची सुरुवात आपल्या खानदेशातल्याच एका माणसापासून करणे योग्य होईल. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी चाळीसगावी त्यांचे निधन झाले. इंग्लंडात जाऊन कलेचे शिक्षण घेतलेला हा माणूस चाळीसगाव रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात येऊन राहिला, आणि पुढची अनेक दशके त्याने घराचा उंबरठा जवळजवळ ओलांडलाच नाही. केकी मूस म्हटले की लोक पंजाब मेलची आणि कधीच न आलेल्या प्रेयसीची गोष्ट सांगतात. ती गोष्ट सांगणाऱ्यांनी सांगावी. मला त्यांच्या टेबलाची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

मूस यांचे नाव झाले ते 'टेबलटॉप' छायाचित्रणामुळे. या प्रकारात टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडून दृश्य उभे करतात आणि मग त्याचा फोटो घेतात. त्यात मिठाचा बर्फ होऊ शकतो, मूठभर वाळूचे वाळवंट होऊ शकते, आरशाच्या तुकड्याचे तळे होऊ शकते. पाहणाऱ्याला वाटावे की हा मनुष्य कुठल्या दूरदेशी जाऊन आला. वास्तविक तो खोलीबाहेरही गेलेला नसतो. आता विचार करा. टेबलावर काहीही आपोआप येत नाही. प्रत्येक वस्तू कुणीतरी ठेवलेली असते, म्हणून ती तेथे का आहे याचे उत्तर ठेवणाऱ्याला द्यावे लागते. नको असलेली काडी पडली असेल तर ती उचलावीच लागते. उघड्यावर आपले नेमके उलटे होते. निसर्गाने सगळे आधीच मांडून ठेवलेले असते, त्यामुळे आपल्याला वाटते की आपले काम फक्त बटण दाबण्याचे. डोंगर आहे, विजेचा खांब आहे, मित्र आहे, मित्राच्या मागे उभी मोटारसायकल आहे, कोपऱ्यात कुणाची चप्पल आहे. सगळेच आत येते. मूस यांच्याकडून उघड्यावरच्या हौशी फोटोग्राफरने शिकावे ते हेच, की समोरचे माळरानसुद्धा आपले टेबल आहे असे समजावे. फरक इतकाच की येथे वस्तू हलवता येत नाहीत, म्हणून स्वतः हलावे लागते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पहिली गोष्ट अशी की फोटो काढण्याआधी मनात एक वाक्य तयार करावे. मराठीच्या तासाला निबंध लिहिताना सर जसे विचारतात, "तुला सांगायचे काय आहे?", तसे. "भामेरचा किल्ला" हे वाक्य नव्हे, तो नुसता शब्द झाला. "भामेर गावातल्या जुन्या कोरीव खांबांशेजारी आजही संसार चालू आहे" हे वाक्य झाले. वाक्य तयार झाले की चौकटीत काय हवे हे लगेच कळते. खांब हवा आणि शेजारचे घर हवे, किल्ल्याचा सगळा डोंगर नको. वाक्य दुसरे असेल, म्हणजे "हा डोंगर माणसांनी पोखरला आहे" असे असेल, तर गाव सोडून गुहांची काळी तोंडे घ्यावी लागतील. एकाच ठिकाणाहून दोन वेगळी वाक्ये निघतात आणि म्हणून दोन वेगळे फोटो निघतात. दोन्ही वाक्ये एकाच फोटोत कोंबली तर एकही धड ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट पायांची. आपण सगळे उभ्यानेच फोटो काढतो, डोळ्यांच्या उंचीवरून. म्हणून आपले सगळ्यांचे फोटो एकसारखे दिसतात. गुडघ्यावर बसून पाहा. शेतातल्या बाजरीचे कणीस आभाळावर येते आणि मागचे घाणेरडे कुंपण त्याच्या आड जाते. बांधावर चढून पाहा. कांद्याचे वाफे एकामागे एक रेघांसारखे मांडलेले दिसतात आणि त्या रेघा नजरेला आपोआप शेताच्या टोकापर्यंत घेऊन जातात. मोबाईलमध्ये बोटाने ओढून दूरची वस्तू मोठी करण्याची सवय मात्र सोडलेली बरी. पुष्कळशा साध्या मोबाईलमध्ये तेव्हा भिंग काही पुढे जात नाही, फक्त चित्राचा मधला तुकडा कापून मोठा केला जातो आणि तो फाटक्या गोणपाटासारखा दिसतो. जवळ जाता येत असेल तर चालत जवळ जावे. माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत मात्र फार जवळही जाऊ नये, कारण मोबाईलचे रुंद भिंग जवळच्या वस्तूला फुगवते. नाक मोठे आणि कान लहान दिसतात, आणि ज्याचा फोटो त्याला ते आवडत नाही.

तिसरी गोष्ट कडांची. बटण दाबण्याआधी नजर एकदा चौकटीच्या चारही कडांवरून फिरवावी, जशी घरातून निघताना आपण कडी लागली का ते पाहतो. कडेला अर्धा कापला गेलेला माणूस, डोक्यातून उगवलेला खांब, तिरके झालेले क्षितिज हे सगळे कडा न पाहिल्याने होते. मालणगाव धरणाचे पाणी एका बाजूला सांडून जाईल की काय असे वाटणारे फोटो मी पुष्कळ पाहिले आहेत. पाणी सपाट असते, फोटोतही ते सपाट राहू द्यावे.

चौथी गोष्ट तिसऱ्या हिश्श्याच्या नियमाची. बहुतेक मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'ग्रिड' नावाची सोय असते. ती चालू केली की पडद्यावर दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा येतात आणि नऊ चौकोन पडतात. मुख्य वस्तू अगदी मध्यभागी न ठेवता या रेघांवर किंवा त्या जेथे छेदतात तेथे ठेवावी, क्षितिज मधोमध न घेता वरच्या किंवा खालच्या रेघेवर घ्यावे, असा हा नियम. गंमत अशी की हा नियम कॅमेऱ्यापेक्षा जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण देखाव्यांवर लिहिलेल्या पुस्तकात तो या नावाने मांडला. फोटोग्राफीची जाहीर घोषणा त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळाने, १८३९ साली झाली. म्हणजे खेड्यापाड्यांचे चित्र कसे मांडावे या विचारातूनच हा नियम आला, शहरातल्या स्टुडिओतून नव्हे. तरीही तो कायदा नाही. देवळाचा दरवाजा, विहिरीचे गोल तोंड, समोरून थेट पाहणारा म्हातारा यांना मध्यभागीच ठेवणे शोभते. बळसाण्याच्या जुन्या दगडी मंदिरांची दोन्ही अंगे सारखी दिसावीत म्हणून बांधणाऱ्यांनी कष्ट घेतले. तेथे मुद्दाम एका बाजूला सरकण्यात काय शहाणपण? नियम कळावा, आणि तो कशासाठी आहे हेही कळावे. क्षितिज वर किंवा खाली घेण्याचा अर्थ एवढाच की आज आभाळ महत्त्वाचे आहे की जमीन, हे तुम्ही ठरवले.

पाचवी गोष्ट उजेडाची, आणि ती भूगोलाच्या विद्यार्थ्यांना चटकन पटेल. इंग्रजी 'फोटोग्राफी' हा शब्द ज्या ग्रीक शब्दांवरून आला त्यांचा अर्थ प्रकाशाने लिहिणे असा होतो. आपण मराठीत मात्र 'छायाचित्र' म्हणतो, म्हणजे सावलीचे चित्र. मला आपला शब्द अधिक नेमका वाटतो, कारण वस्तूला आकार येतो तो सावलीमुळे. साक्री सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या अखेरीस दुपारी सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा सावल्या पायाखाली गोळा होतात, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि डोंगर पुठ्ठ्याचे कापून लावल्यासारखे सपाट दिसतात. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मात्र ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे हिवाळ्यात दुपारचा उजेडसुद्धा तिरपा असतो आणि जमिनीची प्रत्येक सरी, प्रत्येक ढेकूळ उठून दिसते. शिवाय आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरेच पश्चिमेस असल्याने आपली खरी माध्यान्ह घड्याळात बाराला नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास होते. यावरून ढोबळ हिशेब असा निघतो, की उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर काम करावे. हिवाळ्यात दिवसभर हात मोकळा. मेंढ्यांचा वाडा घेऊन निघालेले ठेलारी मेंढपाळ संध्याकाळी रस्त्याने जात असतात, तेव्हा सूर्याकडे तोंड करून उभे राहा. उडणारी धूळ पेटल्यासारखी दिसेल आणि प्रत्येक मेंढीला सोनेरी काठ येईल. अशा वेळी पडद्यावर उजळ भागाला बोट लावावे, म्हणजे मोबाईल त्या भागाप्रमाणे उजेड मोजतो आणि आभाळ पांढरे फटक पडत नाही.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, "असले डोंगर, असली गावे, यांत जगाने पाहावे असे काय असणार?" त्यावर एका अमेरिकन फोटोचे उदाहरण देते. ॲन्सेल ॲडम्स या प्रसिद्ध छायाचित्रकाराचा सर्वांत गाजलेला फोटो हर्नांडेझ नावाच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या एका लहानशा खेड्याचा आहे. साल १९४१. दिवसभर मनासारखे काही न मिळाल्याने तो गाडीने परत निघाला होता. वाटेत त्याला मावळतीचा उजेड एका दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलेला दिसला, आणि वर चंद्र. घाईत उजेड मोजण्याचे यंत्र सापडेना, तेव्हा चंद्राची उजळता किती असते हे त्याला पाठ होते त्यावरून त्याने हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घेण्याच्या आत क्रुसांवरचा उजेड गेला. त्या चित्रात खेडे अगदी खाली, एका पट्टीएवढे आहे. वरचा मोठा भाग काळेभोर आभाळ. घरे साधी, मातीची. आपल्या कान नदीकाठच्या कुठल्याही खेड्याहून ते खेडे अधिक देखणे नाही. देखणा आहे तो निर्णय, की खेडे लहान ठेवायचे आणि आभाळ मोठे. आणि तो निर्णय काही सेकंदांत घेता आला, कारण त्याची तयारी अनेक वर्षांची होती.

येथवर जे लिहिले ते हाताच्या कसबाबद्दल झाले. पण मला खरे म्हणायचे आहे ते यापुढे आहे. चौकट ही नुसती सौंदर्याची गोष्ट नाही. चौकटीबाहेर जे राहते ते पाहणाऱ्याच्या दृष्टीने नसतेच.

आपल्या तालुक्यात ब्राह्मणवेल, छडवेल या बाजूच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. शिवाजीनगरला २०१३ साली १२५ मेगावॅटचा सौरऊर्जा प्रकल्प उभा राहिला. आज साक्रीचा फोटो म्हणून बाहेर जो पाहायला मिळतो तो बहुधा पवनचक्क्यांचाच, हिरवे पठार, निळे आभाळ आणि पांढरे पंखे. चित्र सुंदर असते, यात वाद नाही. असाच एक फोटो छापलेले कॅलेंडर एकदा आमच्या घरी आले. आईने भाकरी थापता थापता त्याच्याकडे पाहिले आणि अहिराणीत विचारले, "यामा मानूस कोठे शे?" तिला टीका करायची नव्हती, ती खरोखरच शोधत होती. त्या पठाराच्या पायथ्याशी ती कित्येक वर्षे मजुरीला जाते. तिला माहीत आहे की तेथे माणसे असतात, गुरे असतात, लाकडाच्या मोळ्या घेऊन चढणाऱ्या बाया असतात. फोटोत त्यांपैकी काहीच नव्हते.

मला वाटते की आईचा प्रश्न कसबाचाही आहे. माणूस नसलेल्या फोटोत पवनचक्की किती उंच आहे हेच कळत नाही. ती खेळण्यातली चक्रीसुद्धा असू शकते. तिच्या बुंध्याशी गुराखी उभा असला की जवळपास वीस मजली इमारतीएवढी उंची एकदम ध्यानात येते. म्हणजे माणूस घेतल्याने चित्रातले सत्य वाढते आणि चित्रही सुधारते. पण कॅलेंडरसाठी फोटो काढणाऱ्याचे वाक्य वेगळे असते. त्याला "येथे मोकळी जागा आहे" असे सांगायचे असते. आपले वाक्य तेच असायला हवे असे नाही. येथे जागा मोकळी नाही, येथे लोक राहतात, हे आपण नाही सांगितले तर कोण सांगणार?

बारीपाड्याचेही असेच. आपल्या तालुक्यातल्या या आदिवासी गावाने १९९० च्या दशकापासून उजाड झालेले जंगल राखून परत वाढवले, आणि त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. आता त्या जंगलाचा नुसता झाडांचा फोटो काढला तर ते इतर कुठल्याही जंगलासारखेच दिसेल. ते राखलेले आहे, हे झाड स्वतः सांगू शकत नाही. त्यासाठी चौकटीत राखणारा माणूस हवा, दगड रचून अडवलेले पाणी हवे, किंवा रानभाजी खुडणारा हात हवा. तेव्हा "निसर्गाचा फोटो" आणि "माणसांचा फोटो" असे दोन कप्पे करण्याची आपली जी पद्धत आहे, ती आपल्या भागाला तरी लागू पडत नाही.

मात्र येथे एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. माणूस चौकटीत घ्या म्हणणे सोपे आहे. माणसाला चौकटीत यायचे आहे का? कांद्याची लागवड चालू असताना, पाणी सोडलेल्या वाफ्यात चिखलात वाकलेल्या बायांची रांग हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात फार सुंदर दिसते. पण त्यांतल्या एक काकू मला स्पष्ट म्हणाल्या, "या अवतारमा फोटो नको काढू, बेटा." त्यांना फोटो हवा होता, पण लुगडे बदलून, केस विंचरून, समोर पाहत. आपल्याला जे चित्र वाटते ते त्यांना आपली फजिती वाटते. दोघींपैकी खरे कुणाचे?

पूर्वी याचे उत्तर फोटो काढणाराच देत असे. इंग्रज सरकारच्या काळात १८६८ ते १८७५ या वर्षांत 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड प्रसिद्ध झाले. त्यांत हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो छापले होते. त्यांतली माणसे बहुधा नमुने म्हणून उभी आहेत, अमुक जातीचा एक, तमुक जमातीचा एक. ज्यांनी फोटो मागवले त्यांना माणूस नको होता, नमुना हवा होता, म्हणून चौकट तशी झाली. आज आपल्या पश्चिम पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. व्रत धरलेले लोक नाचत असतात आणि बाहेरून आलेली मंडळी मोबाईल त्यांच्या तोंडाजवळ नेतात. दीडशे वर्षांनी कॅमेरा खिशात मावेल इतका लहान झाला, नजर मात्र तीच राहिली, असे मला वाटते. आणि दुःख याचे वाटते की या मंडळींत आपले कॉलेजचे मित्रही असतात.

यावर माझे म्हणणे असे, की ज्याचा फोटो काढायचा त्याला विचारणे हा फोटोच्या रचनेचाच पहिला भाग मानावा. विचारले म्हणून चित्र बिघडते, सहजपणा जातो, असे काही जण म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. त्या काकूंचा आधी हवा तसा फोटो काढला, बांधावर उभ्या, पदर नीट घेतलेला, मागे त्यांनीच लावलेले वाफे. तो त्यांना दाखवला. त्यानंतर त्या कामाला लागल्या आणि काम करतानाचे हातही त्यांनी काढू दिले. दोन फोटो झाले. पहिला त्यांचा आणि दुसरा माझा, असे मी आधी समजत होते. आता दोन्ही शेजारी ठेवून पाहते तेव्हा त्यांचाच अधिक चांगला वाटतो, कारण त्यात शेत त्यांच्या मागे उभे आहे, त्या शेतात हरवलेल्या नाहीत. रचनेचा हा धडा मला पुस्तकात मिळाला नसता. आणि कुणी "नको" म्हटले तर मोबाईल खिशात ठेवावा, त्यावर चर्चा करू नये.

शेवटी आपल्या कॉलेजपुरत्या दोन-तीन सूचना मांडते. प्राध्यापक महोदयांनी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी त्यांचा विचार करावा. पहिली सूचना अशी, की सहलीला जाऊन शंभर ठिकाणांचा एकेक फोटो काढण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा निवडावी आणि वर्षातून दहा वेळा तिचा फोटो काढावा. कान नदीवरचा पूल असेल, गावची विहीर असेल, बसथांबा असेल. पावसाळ्यातली नदी आणि एप्रिलमधली नदी एकाच जागेवरून काढली की रचनेत काय बदलते ते शिकवावे लागत नाही. दुसरी सूचना अशी, की या वार्षिकांकात दोन पाने अशा फोटोंसाठी ठेवावीत आणि प्रत्येक फोटोखाली गाव, महिना आणि जो माणूस फोटोत आहे त्याची संमती असल्यास त्याचे नाव छापावे. "निसर्गसौंदर्य" किंवा "ग्रामीण जीवन" असले मथळे नकोत. नाव छापले की माणूस नमुना राहत नाही. तिसरी सूचना खर्चाची आहे, पण थोड्या. मोबाईल पडतो, बिघडतो, विकला जातो आणि त्याबरोबर फोटो जातात. म्हणून वर्षाकाठी निदान एक फोटो कागदावर छापून घ्यावा, आणि ज्याचा असेल त्याच्या घरी नेऊन द्यावा. एकच छापायचा म्हटले की कोणता, हे ठरवावे लागते. तेही एक शिक्षणच आहे.

भूगोल विभागाने उजेडाचे, मराठी विभागाने वाक्याचे आणि इतिहास विभागाने जुन्या फोटोंचे एकेक व्याख्यान दिले तर हा अभ्यास वर्षभरात सहज उभा राहील. त्यासाठी वेगळ्या यंत्राची गरज नाही, जे आपल्या खिशात आहे ते पुरेसे आहे. काकूंचा तो बांधावरचा फोटो मी धुळ्याहून छापून आणला आहे. त्यांच्या घरी त्यांचा एकटीचा हा पहिलाच फोटो. तो कुठे लावायचा यावरून त्यांच्या घरात सध्या वाद चालू आहे.